सातव्या गाण्याला उत्तर

ब्राह्मणपुरी
३ मार्च २०२५, सोमवार

चेतना, माझे माय,

तुझं गाणं आलं गं! सुखरूप आलं. शेजारच्या वाहरूची सून ममता, तिच्या मोबाईलवर आलं, तिनं ते डबीएवढ्या स्पीकरात घातलं आणि मागच्या ओट्यावर ठेवून दिलं. डबीतून एवढा आवाज येईल असं कोणाला वाटलं! कोंबड्या पार मळ्यापर्यंत पळाल्या.

आम्ही कुरडयांचा चीक शिजवत होतो. तुझी आई कोकिळा लाकडी घाटा फिरवत होती. तुझा आवाज आला तशी ती थांबली, हात तसाच पातेल्यात. मी म्हणली, "अवं, फिराव ना!" पण ती कुठली ऐकते. चीक बुडाला लागला. यंदाच्या कुरडया जरा तांबूस दिसतील. पण खायला चांगल्या आहेत, मी एक ओलीच खाऊन पाहिली.

मला खूप आनंद झाला, पण काही काही समजलं नाही, म्हणून विचारते. पहिलं म्हणजे, सुरुवातीलाच टाळ्या. अजून कोणी तोंड उघडलं नाही आणि टाळ्या! मी म्हणली, झालं का काय, संपलं का? मग ते कुईंऽऽ असं वाजायला लागलं, डोंगरातली माणसं पावरी वाजवतात तसं, पण त्यात कोणीतरी दळण दळून राहिलंय असं वाटलं. मग ढोल. मग ती विजेची गिटार, जी ममतानं ओळखली. चीक शिजवायला आलेली शेजारची दगूबाई म्हणे, ही मिरवणूक आहे, नवरदेव निघाला. मलाही तेच वाटलं. कोणाचं लग्न होतं गं? एवढी वाद्यं, एवढी माणसं, म्हणजे कोणाकडे तरी कार्य असणारच. फोटोतही तुम्ही सगळे राजाराणीसारखे कपडे घालून उभे. तुझा तो पायघोळ झगा, कमरेला दोरी, डोक्यात पानं. तो दाढीवाला नवरदेव होता का?

दुसरं म्हणजे, समोरच्या माणसांचं. तू एवढं गायलीस, आणि ती माणसं नुसते हात बडवतात, शिट्ट्या मारतात, पण उत्तर म्हणून एक शब्द देत नाहीत. कोणीतरी बाटलीसुद्धा पाडली, मी ऐकलं. पण उलटून कोणी गायलं नाही. असं कसं? हरले का ते?

तुझा आप्पा, माझा लेक, मधेच मळ्यातून आला. पपई भरायला गाडी आली होती. त्यानं ऐकलं, ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "ते बंद करी द्या."

मी म्हणली, "मन्ही नातनं गानं शे, मी ऐकसू."

तो हातपाय न धुता तसाच परत गेला. तू कंपनीतली नोकरी सोडून या गाणाऱ्यांत गेलीस, तेव्हापासून तो असाच आहे. तुझा फोन या घरात वाजायचा नाही असं त्यानं म्हटलं आणि तो शब्द धरून बसला. बरं झालं, पत्राचं तो काही बोलला नव्हता. आणि मला फोनपेक्षा पत्रच बरं. फोनवर मी नुसती "हा, हा, जेवलीस का" एवढंच म्हणते, आणि ठेवल्यावर सगळं आठवतं.

माझं हे पत्र ममता फोटो काढून पाठवणार आहे. ती शहाद्याला शिलाईच्या क्लासला जाते, तू लिहिलेलं तिथल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून आणते. मोठं लिही. आणि लग्न कोणाचं ते आधी लिही.

तुझी आजीमाय भिकुबाई

*

९ मार्च २०२५
जर्मनी

आजीमाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. लग्न कोणाचंच नव्हतं. ती मैफल होती, म्हणजे लोक तिकीट काढून फक्त ऐकायला येतात. आम्ही वाजवतो त्या चाली चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या, इथल्या राजांच्या दरबारातल्या नाचाच्या. त्या जुन्या चालींवर आम्ही आजचे ढोल आणि गिटार चढवतो. म्हणून ते जुने कपडे. आणि दळणाचा आवाज तू बरोबर ओळखलास! त्या वाद्याला चाक असतं, हँडल फिरवलं की ते तारांना घासतं. ते दाढीवाला वाजवतो. तो नवरदेव नाही, त्याला दोन मुलं आहेत.

आम्ही हे सगळं लोकांसमोरच ध्वनिमुद्रित केलं, एका जुन्या धान्याच्या कोठारात. म्हणून टाळ्या, बाटली सगळं त्यात आहे. लवकरच ते सगळ्यांसाठी बाहेर येईल. तुला मी त्याआधीच पाठवलं.

समोरचे लोक उत्तर देत नाहीत, आजीमाय. टाळ्या हेच त्यांचं उत्तर.

आता माझं एक काम कर. एप्रिलच्या शेवटी अक्षय्य तृतीया येते, तेव्हाच आम्हाला सुट्टी आहे. आखाजीला यावं असं फार मनात आहे. पण ज्या घरात माझा आवाज आला की "बंद करा" म्हणतात, तिथं मी कोण म्हणून येऊ? आप्पांनी सगळी गाणी ऐकायला नकोत. फक्त सातवं गाणं. ते मी एकटी गाते. तेवढं एक त्यांनी पुरतं ऐकलं, तर मी येते. नाही तर नाही.

आईला सांग, तांबूस कुरडया मला जास्त आवडतात.

तुझी चेतना

ता. क. सातव्या गाण्यात मधे मी थोडी थांबते. स्पीकर बिघडला असं समजू नका, ते तसंच बसवलेलं आहे.

*

ब्राह्मणपुरी
२० मार्च २०२५, गुरुवार

चेतना, माझे माय,

पत्र मिळालं. मला मनात वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तिसरीत असताना मास्तरांनी जसं शिकवलं तसं मोठ्यानं एकेक अक्षर लावून वाचते. ओट्यावर बसून वाचलं. आप्पा खाली पपईचे क्रेट धूत होता, पण त्याची पाठ होती.

धान्याच्या कोठारात गाणं केलंत हे वाचून मी काळजीत पडली. मग धान्य कुठं ठेवलं? दगूबाई म्हणे, तिकडे यंदा पिकलं नसेल. खरं काय ते लिही.

तू सांगितलेलं काम मी केलं, पण जमलं नाही. पहिल्यांदा तो जेवायला बसला तेव्हा स्पीकर टोपलीखाली झाकून ठेवला आणि ममतानं सातवं लावलं. त्यानं टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी हातात घेऊन उठला. बाहेर उभ्यानं खाल्ली. होळी झाल्यावर मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन लावलं, तो पाणी सोडायला आला तर म्हणतो, "गाय बिचकस." गाय कुठं होती? गाय तर घरी होती! मला तर काही समजलंच नाही.

पण त्यातून एक चांगलं झालं. सातवं गाणं आम्ही इतक्यांदा लावलं, की दगूबाईला पाठ झालं. शब्द नाही गं, ते तर तिकडचे, चाल. आणि तू मधे थांबतेस ना, ती जागा आली की ती दर वेळी माझ्याकडे पाही. मग एकदा म्हणाली, "भिकू, पोरनी गायं. जागा सोडी दिन्ही. आते आपली पाळी शे. गप बठनूत ते हारनूत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आखाजीला नदीच्या या काठाला आम्ही, पल्याडच्या काठाला त्या गावच्या बाया, त्यांनी गाऊन शिवी दिली की आम्ही गाऊन द्यायची. जो गप बसला तो हरला. तू तिकडच्या काठावर आहेस, एवढंच. तू जागा सोडलीस आणि आम्ही इतके दिवस तोंडात पदर धरून बसलो! तुझ्या त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना उत्तर येत नसेल, आम्हाला येतं.

तर मी, दगूबाई, ममता, आणि तुझी आईसुद्धा, बसलो आणि जुळवलं. हे घे.

पल्याडनी पोरं गोरी गोरी,
भाकर नही म्हनीसन पाव चोरी.

दाढीवाला बुवा चक्कर फिरावस,
पीठ नही पडत, खाली गरगरस.

नोकरी सोडीसन तमाशामा गई,
झगा घाली घाली राणी व्हई गई.

शेवटचं कडवं सगळ्यात चांगलं झालं असं सगळ्या म्हणतात. आम्ही हसून हसून खाली बसलो. तुझी आई एवढी हसली, की डोळे पुसायला आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. तुझ्या माणसांना वाचून दाखव. बघू, काय उत्तर देतात ते.

तुझी आजीमाय

*

२८ मार्च २०२५
जर्मनी

आजीमाय,

तुमचं कडवं मिळालं. कोणाला वाचून दाखवलं नाही.

"तमाशा" हा शब्द कोणाचा ते मला माहीत आहे. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा फोनवर आप्पांनी तोच शब्द वापरला होता, आणि त्यानंतर ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. आता तो घरातल्या बायकांच्या तोंडी आला, आणि आईसुद्धा त्यावर हसली. मी आप्पांना ऐकवा म्हटलं होतं, आणि तुम्ही सगळ्या मिळून माझी थट्टा केलीत. तुझ्याकडून हे येईल असं वाटलं नव्हतं.

सुट्टीत मी इथंच थांबते. मेच्या सुरुवातीलाच इथं एक जत्रा असते, तिथं जादा कार्यक्रम करता का असं विचारताहेत. हो म्हणेन. आखाजीला माझी वाट पाहू नका.

कोठारात आता धान्य ठेवत नाहीत. फार वर्षं झाली.

चेतना

*

ब्राह्मणपुरी
६ एप्रिल २०२५, रविवार

चेतना, अगं ए चेतना,

असं काय लिहिलंस? मी ओट्यावर वाचायला बसली, पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या मोठ्यानं वाचल्या आणि मग पुढचं वाचू नये असं वाटलं. पण थांबता येईना, थांबली तर अक्षर हरवतं. शेवटपर्यंत वाचलं. ममता म्हणत होती, "आजी, पुरे." मी वाचतच गेली.

मला आधी सांग, आखाजीची शिवी तू विसरलीस का? लहानपणी तूच नदीवर माझ्या कडेवर बसून पल्याडच्या बायांना मुठी दाखवायचीस. तिथं कोणी कोणाचं वाकडं मनात धरतं का? पल्याडच्या एका बाईनं मला तर एकदा म्हैस म्हटलं होतं, आणि तिच्याच मुलीच्या लग्नात मी हळद दळायला गेली होती. शिवी दिल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं, माय? गोड बोललं तर ते उत्तर धरत नाहीत. परक्याला कोणी शिवी देत नाही. तुला दिली, कारण तू आमची. मला वाटलं, तू उलट दोन शिव्या हाणशील. तू तर रडायलाच बसलीस. माझं काय चुकलं तेच मला कळेना.

पण एक खरं. तो शब्द मी घातला. चालीत बसत होता म्हणून घातला, आप्पानं सांगितलं म्हणून नाही.

आता पुढचं ऐक. मी वाचत होती तेव्हा आप्पा तिथंच होता. फवारणीचा पंप उलटा करून धूत होता. मी वाचून संपवलं, चष्मा काढला, तर तो माझ्यासमोर उभा.

"मी कव्हय म्हनं असं?" म्हणाला.

कोकिळा दारातून म्हणाली, "म्हनं ना तुमी. ह्याच वट्टावर. मी आठेच व्हतू." तिचा आवाज मी इतक्या वर्षांत एवढा मोठा ऐकला नव्हता. मी घाबरली, आता हा भांडतो. पण तो? पंप धुऊन झाला होता तरी परत धुवायला बसला.

मग संध्याकाळी चहा पिताना मलाच विचारतो, "त्या सातव्यामा काय शे?"

मी म्हणली, "ऐकशी ते समजीन."

"माले काही ऐकनं नही," म्हणाला. आणि जाताना स्पीकर उचलून घेऊन गेला! आता याला काय म्हणायचं? ऐकायचं नाही तर नेला कशाला? ममता म्हणते, गाणं तिच्या मोबाईलमधून त्याच्या मोबाईलमध्ये घालून दे असंही तो म्हणाला. दोन दिवस स्पीकर मोटारीच्या खोलीत होता. मग परत आणून ठेवला. मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणतो, "पाणी कमी शे हिरले." विहिरीचं मी विचारलंच नव्हतं.

मी तर गोंधळून गेली आहे. तू ये. नाही तर दोन शिव्या तरी पाठव.

तुझी आजीमाय

*

१४ एप्रिल २०२५
जर्मनी

आजीमाय,

खरंच दोन दिवस ठेवला होता? खरंच त्यांनी विचारलं?

मी विसरलेच होते. नदी, मुठी, म्हशीची गोष्ट, सगळंच. काल मी तुमची कडवी सगळ्यांना सांगितली. दाढीवाला तर खुर्चीवरून पडायचा राहिला. तो म्हणतो, त्यांच्याकडेही जुन्या काळी असं गाऊन भांडायचे, ते सगळं मेलं, तुमच्याकडे जिवंत कसं? त्यांना तुमचा आवाज ऐकायचा आहे. गाऊन पाठवाल का? शिव्यांसकट.

आणि एक खोटं मी तुला लिहिलं होतं. सातव्या गाण्यात मी थांबते ते बसवलेलं नाही. त्या दिवशी पुढे एक माणूस उभा होता, वयस्कर, हात मागे बांधून, मान जराशी वाकडी. आप्पा मळ्याच्या बांधावर उभे राहतात तसा. मला पुढचे शब्दच आठवेनात. सगळं कोठार गप्प झालं. मग त्या माणसानं मान हलवली आणि मला शब्द सापडले. नंतर सगळे म्हणाले, ही जागा काढून टाकू, दुसऱ्या दिवशीचं गाणं जोडू. मी म्हटलं, राहू दे.

जत्रेवाल्यांना अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

चेतना

*

ब्राह्मणपुरी
२१ एप्रिल २०२५, सोमवार

चेतना, माझे माय,

गायलो गं आम्ही! ममता तुला आवाज पाठवते आहे, पण आवाजात सगळं येत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी ओट्यावर वाचलं. त्या माणसाचं वाचलं तेव्हा आप्पा खाटेवर आडवा होता, तोंडावर उपरणं. झोपला असेल. उठला तो सरळ मळ्यात गेला, चहासुद्धा घेतला नाही.

काल दुपारी आम्ही निंबाखाली जमलो. झोका बांधून झाला आहे, दोर नवा आहे, दगूबाई सगळ्यात आधी बसली, या वयात! गौराई पण बसली आहे, टोपलीत पेरलेला तिचा गहू चांगला बोटभर उगवून आला. ममतानं मोबाईल घागरीच्या तिवईवर उभा केला. तुझं सातवं गाणं लावायचं, तू थांबलीस की आम्ही घुसायचं, असं ठरलं. पण जमेना. आम्ही घुसलो की तू परत सुरू व्हायचीस. दगूबाई तुझ्यावरच चिडली, "हाई पोर थांबत का बरं नही!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "तुमी चुकी ऱ्हायनात."

भरत! तुझा आप्पा! गोठ्याच्या खांबाला टेकून उभा. कधीचा उभा होता कोण जाणे. म्हणाला, "ती श्वास लेस, मंग दोन थाप पडतस, मंग खरी जागा शे. तुमी श्वासवरच उडी मारतस."

आम्ही सगळ्या त्याच्याकडे पाहत राहिलो. दगूबाई म्हणाली, "गडी मानूसनं आठे काय काम? आखाजीना गानामा गड्यासनी तोंड घालानं नही. जाय, पत्ते खेय."

तो गेला नाही. पण त्यानं हातानं दाखवलं, मांडीवर दोन थापा, आणि बोट वर केलं. आम्ही घुसलो. आणि बसलं बघ! तीन कडवी सलग झाली, तमाशाचं पण झालं, तू म्हटलं होतंस ना शिव्यांसकट. ते कडवं चालू असताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

झाल्यावर तो म्हणाला, "एक ऱ्हायनं. लिही ल्या."

ममता म्हणाली, "सांगा ना काका, चालूच शे."

त्यानं गाऊन नाही सांगितलं, नुसतं बोलून सांगितलं, खाली मातीकडे पाहत.

सातवं गाणं पोर एकली गास,
बापले सोडीसन कोनले ऐकाडस?

आणि निघून गेला.

आता सांग, चेतना, हे काय आहे? दगूबाई म्हणते, ही शिवी नाही, शिवीशिवाय उत्तर धरत नाहीत, काढून टाका. ममता म्हणते, राहू द्या. तुझी आई झोक्यावर जाऊन बसली आणि एकटीच झोके घेत राहिली, ज्या बाईनं लग्नानंतर झोक्याला हात लावला नव्हता. मी विचार करून करून थकली. रागानं म्हणाला का? राग असता तर थापा कशाला शिकवल्या? आणि राग नाही तर मग सरळ का बोलत नाही? हे कडवं तुझ्या बाजूचं आहे का आमच्या बाजूचं? हरलं कोण? मला तर काही उमगत नाही. जसं आहे तसं पाठवते.

पण एक नियम तुला सांगून ठेवते. पहिलं उत्तर कसंही चालतं. पुढचं उत्तर काठावर उभं राहून द्यावं लागतं. मोबाईलवर दिलेलं आम्ही धरणार नाही.

तुझी आजीमाय

*

२४ एप्रिल २०२५
जर्मनी

आजीमाय,

ऐकलं. सगळ्यांनी मिळून ऐकलं, मोठ्या स्पीकरवर. तुमचा आवाज सुरू झाला तशी ढोल वाजवणारी उभीच राहिली. शेवटी तो पुरुषाचा आवाज आला तेव्हा दाढीवाल्यानं विचारलं, हा काय म्हणतोय? मी म्हटलं, हे माझे वडील, मला शिवी देताहेत. तो म्हणाला, मग तू रडतेस कशाला?

मी ते परत पहिल्यापासून लावलं. 

जत्रेवाल्यांना नाही म्हटलं. मंगळवारी, २९ तारखेला, मुंबईहून गाडीनं येते. दुपारी नंदुरबारला उतरेन. आप्पांना सांगू नकोस. ते स्टेशनवर आले नाहीत तर मला वाईट वाटेल, आणि तुझ्या सांगण्यावरून आले तर जास्त वाईट वाटेल.

उत्तर काठावरूनच देईन.

तुझी चेतना

*

ब्राह्मणपुरी
२६ एप्रिल २०२५, शनिवार

चेतना, माझे माय,

तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचून मी ओट्यावरच नाचायची राहिली, गुडघ्यानं धरून ठेवलं. हे पत्र तुला विमानात बसायच्या आधी मिळेल असं ममता म्हणते.

पुरणाची डाळ काढून ठेवली आहे. तुझी आई खापर घासून राहिली आहे, मांडे खापरावरचेच करणार म्हणते. पितरांच्या घागरी आणल्या. आंबे अजून आंबट आहेत, पण रसात साखर घालू. तुझ्या त्या झग्याला इस्त्री करून आण, दगूबाईला तो हात लावून पाहायचा आहे.

आप्पाला मी काही सांगितलं नाही. तोंडाला कुलूप. ममतालाही बजावलं. ती म्हणते, "मी कशाले सांगू?" आणि तोंड फिरवून हसते. हिला हल्ली कशाचंही हसू येतं.

पण एक अडचण झाली आहे, ती आधीच सांगते म्हणजे तू तिथं उन्हात उभी राहणार नाहीस. मी मनात धरलं होतं, मंगळवारी सकाळी काहीतरी निमित्त काढून भरतलाच शहाद्याला पाठवू, तिथं तू एसटीतून उतरशील, समोरासमोर गाठ पडेल, मग काय बोलायचं ते तुम्ही बोला. पण तो आत्ताच म्हणाला, मंगळवारी तो घरी नाही. नंदुरबारला चाललाय.

मी म्हणली, "आखाजीना आदल्या दिवशी तठे काय काम?"

"शे एक काम."

"पपईनं?"

"नही."

"मंग?"

"शे ना आजीमाय, एक काम!" असं जोरात म्हणाला. मी त्याची आई, आणि मला आजीमाय म्हणाला, तू म्हणतेस तसं. उन्हानं डोकं फिरलं असेल. आणि वाहरूची जीप मागून घेतली आहे, स्वतःची मोटारसायकल दारात असताना. ती जीप सकाळपासून धुतोय. मी म्हणली, उसनी गाडी एवढी कशाला चोळतोस? तर त्यानं आणखी एक बादली ओतली. कोकिळेनं त्याचा पांढरा सदरा काढून वाळत घातला आहे, तिला विचारलं तर ती परत खापर घासायला बसते. या घरात सगळ्यांना झालंय तरी काय?

तेव्हा तू त्याच्या भरवशावर राहू नकोस. त्याचं काम कुठं असेल, किती वेळ चालेल, कोणाला ठाऊक. तू स्टेशनवरून उतरलीस की कोणाची वाट न पाहता सरळ स्टँडवर जा आणि शहाद्याची गाडी पकड. खिडकीची जागा धर. मी इकडे दारात उभी आहे.

तुझी आजीमाय